विश्लेषण : खोक्यावरचा वेग लॅपटॉपवर का मिळत नाही? एक्स्टर्नल हार्ड डिस्क निवडताना काय पाहावे?

लॅपटॉपची जागा भरली की बहुतेकांना पहिला पर्याय सुचतो तो एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा. दुकानात किंवा ऑनलाइन पाहिले तर प्रत्येक खोक्यावर मोठे आकडे असतात. कुठे ५ टीबी क्षमता, कुठे सेकंदाला २००० एमबी वेग. प्रत्यक्षात डिस्क जोडल्यावर दहा मिनिटांत होईल असे वाटलेले काम दीड-दोन तास चालते. डिस्क खराब निघाली, असे वाटून ती परतही केली जाते. अनेकदा डिस्कमध्ये काहीच दोष नसतो. केबल, पोर्ट आणि लॅपटॉप यांच्याशी तिचा मेळ बसत नाही, एवढेच. म्हणून अशी खरेदी करताना काय तपासावे आणि पैसे कशावर खर्च करावेत, हे आधी समजून घ्यायला हवे.

एक्स्टर्नल डिस्कची गरज का वाढली?

मधल्या व स्वस्त श्रेणीतील लॅपटॉपमध्ये अजूनही बऱ्याचदा २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी असते. काही लॅपटॉपमध्ये ती बदलता येते, पण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये, विशेषतः ॲपलच्या मॅकबुकमध्ये, साठवणूक वापरकर्त्याला सहज वाढवता येत नाही. दुसरीकडे फायलींचा आकार वाढतच चालला आहे. एखादा कॅमेरा १०० एमबीपीएस या दराने ४के चित्रीकरण करत असेल, तर एका तासात सुमारे ४५ जीबी डेटा तयार होतो. लग्नात दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी पाच तास चित्रीकरण केले, तर एकाच समारंभाचे ४५० जीबी होतात. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये हे मावणारच नाही. फोटोग्राफर, व्हिडीओ संपादक, वास्तुरचनेचे विद्यार्थी, यूट्यूबवर काम करणारे अशा सर्वांचीच ही अडचण आहे.

हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत नेमका फरक काय?

बोलताना दोन्हींना सरसकट ‘हार्ड डिस्क’ म्हटले जाते, पण दोन्हींचे काम करण्याचे तंत्र पूर्ण वेगळे आहे. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या गोल तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर अगदी सूक्ष्म अंतरावरून एक हेड डेटा वाचते वा लिहिते. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कमधील तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेतात. सलग मोठी फाइल असेल तर अशी डिस्क सेकंदाला सुमारे १०० ते १४० एमबी वेग देते. मात्र हजारो छोट्या फाइल असतील, तर हेडला प्रत्येक वेळी नव्या जागी जाऊन तबकडी तिथवर फिरून येण्याची वाट पाहावी लागते. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. म्हणूनच एक मोठा चित्रपट लवकर कॉपी होतो आणि तेवढ्याच आकाराचे हजारो फोटो मात्र रेंगाळतात.

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. पेन ड्राइव्हप्रमाणे त्यात फ्लॅश मेमरीच्या चिप असतात, त्यामुळे छोट्या फाइलही झटपट वाचल्या जातात. जुन्या साटा पद्धतीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत, तर एनव्हीएमई पद्धतीची पोर्टेबल एसएसडी १००० ते २००० एमबीपर्यंत जाते. यूएसबी ४ किंवा थंडरबोल्टवर चालणाऱ्या एसएसडी त्याही पुढे जातात. फरक किमतीत आहे. प्रत्येक टीबीमागे एसएसडी हार्ड डिस्कच्या कैकपट महाग पडते. थोडक्यात, स्वस्तात मोठी क्षमता हवी असेल तर हार्ड डिस्क आणि वेग हवा असेल तर एसएसडी. दोन्ही एकाच उपकरणात हवे असतील, तर खिसा बराच हलका होतो.

बिट आणि बाइटचा घोळ काय आहे?

आकड्यांचा पहिला गोंधळ इथे होतो. केबल आणि पोर्टचा वेग बिटमध्ये सांगितला जातो, तर फाइलचा आकार आणि डिस्कचा वेग बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे ५ जीबीपीएसचे पोर्ट सेकंदाला ५ जीबी पाठवत नाही. ८ ने भागले तर ६२५ एमबी येतात. त्यातही काही भाग सांकेतिक रचनेत आणि नियंत्रणासाठी खर्च होतो. हातात पडतात साधारण ४०० ते ४५० एमबी. त्याच हिशेबाने १० जीबीपीएसच्या पोर्टवर सुमारे १००० एमबी आणि २० जीबीपीएसवर सुमारे २००० एमबी मिळू शकतात. जुन्या यूएसबी २.० ची मर्यादा ४८० एमबीपीएस आहे. तिथे प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबीच मिळतात.

टाइप-सी पोर्ट म्हणजे वेगवान पोर्ट का?

नाही. टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्या आकारामागे यूएसबी २.० असू शकते आणि थंडरबोल्टही. याचे ओळखीचे उदाहरण फोनमध्येच सापडते. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट मिळाले, पण त्याचा वेग यूएसबी २.० एवढाच, म्हणजे ४८० एमबीपीएस आहे. त्याच वर्षीच्या आयफोन १५ प्रोमध्ये तसेच दिसणारे पोर्ट १० जीबीपीएसचे आहे. प्रोसोबत खोक्यात येणारी केबल मात्र यूएसबी २.० वेगाचीच आहे. पूर्ण वेग हवा असेल तर वेगळी केबल लागते.

यूएसबीच्या नावांनी गोंधळात भरच घातली. २००८ मध्ये आलेले यूएसबी ३.० पुढे ‘३.१ जेन १’ झाले आणि नंतर ‘३.२ जेन १’. वेग मात्र तिन्ही नावांखाली ५ जीबीपीएसच राहिला. ‘३.२ जेन २’ म्हणजे १० जीबीपीएस आणि ‘३.२ जेन २x२’ म्हणजे २० जीबीपीएस. अखेर यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संस्थेनेच २०२२ मध्ये उत्पादकांना ही नावे सोडून खोक्यावर थेट ‘५ जीबीपीएस’, ‘१० जीबीपीएस’ असे लिहिण्याची शिफारस केली. ग्राहकानेही तेच करावे. आवृत्तीच्या नावात न अडकता दुकानदाराला थेट विचारावे, ‘किती जीबीपीएस?’

मग प्रत्यक्ष वेग कशावर ठरतो?

डिस्क, केबल आणि लॅपटॉपचे पोर्ट या तिघांपैकी जे सर्वांत मंद असेल त्यावर. सेकंदाला २००० एमबी वेगाची महागडी एसएसडी ५ जीबीपीएसच्या पोर्टला जोडली, तर ती ४५० एमबीच्या आसपासच थांबते. फोनच्या चार्जिंग केबलने जोडली, तर ३५-४० एमबीवर येते, कारण चार्जिंगसाठी बनवलेल्या अनेक केबलमध्ये डेटासाठी यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात.

यात एक खाचखळगा असा आहे, की तो जाणकारांच्याही लक्षात येत नाही. २० जीबीपीएसची एसएसडी पूर्ण वेगाने चालण्यासाठी लॅपटॉपला नेमकी ‘२x२’ पद्धत यावी लागते. ४० जीबीपीएसचे यूएसबी ४ पोर्ट असलेल्या लॅपटॉपलाही ही पद्धत येईलच असे नाही, कारण मानकात ती ऐच्छिक आहे. मॅकबुकबाबत हा अनुभव नेहमीचा आहे. पोर्ट ४० जीबीपीएसचे, डिस्क २० जीबीपीएसची आणि काम मात्र १० जीबीपीएसने चालते. अशा वापरकर्त्याने २० जीबीपीएसच्या एसएसडीसाठी जास्त पैसे मोजून काही मिळत नाही. त्याने १० जीबीपीएसची घ्यावी किंवा गरज असेल तर थेट यूएसबी ४ वा थंडरबोल्टची घ्यावी.

५०० जीबी कॉपी करायला किती वेळ लागतो?

वरील लग्नाच्या चित्रीकरणाएवढा, म्हणजे साधारण ५०० जीबी डेटा घेऊन हिशेब केला, तर फरक स्पष्ट होतो. सलग मोठ्या फाइल आहेत आणि वेग टिकून राहतो, असे येथे गृहीत धरले आहे.

यूएसबी २.० केबल किंवा पोर्ट (३५ एमबी प्रतिसेकंद) : सुमारे ४ तास
अडीच इंची हार्ड डिस्क (१२० एमबी) : सुमारे ७० मिनिटे
५ जीबीपीएस पोर्टवरील एसएसडी (४२० एमबी) : सुमारे २० मिनिटे
१० जीबीपीएस पोर्टवरील एसएसडी (९५० एमबी) : सुमारे ९ मिनिटे
यूएसबी ४ एसएसडी (२८०० एमबी) : सुमारे ३ मिनिटे

यातून दोन गोष्टी दिसतात. हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर गेल्यास जवळपास ५० मिनिटे वाचतात. तिथून पुढे प्रत्येक पायरीवर किंमत वाढते, पण वाचणारी मिनिटे कमी होत जातात. रोज शेकडो जीबी हलवणाऱ्या संपादकाला ती मिनिटे मोलाची असतील. महिन्यातून एकदा फोटो साठवणाऱ्या घराला ती जाणवणारही नाहीत.

कॉपी सुरू असताना वेग अचानक का पडतो?

सुरुवातीला वेग चांगला असतो आणि काही वेळाने तो निम्म्याहून खाली येतो. ही तक्रार दोन्ही प्रकारांत आढळते, कारणे मात्र वेगळी आहेत.

स्वस्त एसएसडीमध्ये चिपचा काही भाग वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरला जातो. आलेला डेटा आधी तिथे ठेवायचा आणि सवडीने मुख्य जागी हलवायचा, अशी ही सोय असते. कॉपी मोठी असेल तर तो साठा भरतो आणि मग चिपचा खरा वेग उघडा पडतो. एका पेशीत ३ बिट ठेवणाऱ्या टीएलसी चिपपेक्षा ४ बिट ठेवणाऱ्या क्यूएलसी चिपमध्ये ही घसरण मोठी असते. एसएसडी तापली तरी ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. म्हणून मोठ्या फाइलींवर काम करणाऱ्यांनी खोक्यावरचा कमाल वेग पाहून न थांबता ‘सलग लेखनाचा वेग किती टिकतो’ हे दाखवणाऱ्या चाचण्या पाहाव्यात.

हार्ड डिस्कमध्ये कारण वेगळे. जास्त डेटा मावावा म्हणून अनेक मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. एक पट्टा बदलायचा तर त्यावर चढलेले शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून कपाटात ठेवायच्या डिस्कसाठी हे ठीक आहे. पण त्याच डिस्कवर सतत लिहिणे-पुसणे सुरू असेल किंवा थेट तिच्यावरूनच व्हिडीओ संपादन करायचे असेल, तर ती त्रास देते.

५ टीबीची डिस्क ४.५४ टीबी का दाखवते?

यात फसवणूक नाही. उत्पादक १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही पुढे ‘टीबी’च लिहिते. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ जीबी, २ टीबीची १.८१ टीबी आणि ५ टीबीची ४.५४ टीबी दिसते. ॲपलने २००९ पासून मॅकमध्ये उत्पादकांचीच मोजणी स्वीकारली, म्हणून तीच डिस्क मॅकवर पूर्ण ५ टीबी दिसते. डेटा दोन्हीकडे तेवढाच मावतो.

किती क्षमता घ्यावी?

सध्याचा डेटा मोजावा, वर्षाला किती भर पडते ते पाहावे आणि तीन वर्षांचा अंदाज धरावा. त्यावर थोडी जागा मोकळी राहील अशी क्षमता निवडावी, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालणाऱ्या अडीच इंची हार्ड डिस्क प्रामुख्याने ५ टीबीपर्यंत मिळतात. वेस्टर्न डिजिटलने २०२४ मध्ये ६ टीबीची आणली. त्यापुढे साडेतीन इंची टेबलावरची डिस्क लागते आणि तिला वेगळा वीज ॲडॉप्टर लावावा लागतो. म्हणजे ती प्रवासात उपयोगाची नाही. शिवाय ५ टीबीची डिस्क पूर्ण भरायची तर १२० एमबी वेगाने साडेअकरा तास लागतात, हेही लक्षात ठेवावे.

कुणासाठी कोणता पर्याय योग्य?

घरचे फोटो, जुने व्हिडीओ, कागदपत्रे यांसाठी २ ते ५ टीबीची साधी हार्ड डिस्क पुरेशी आहे. वसतिगृह आणि घर यांच्यात ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याने १ टीबीची १० जीबीपीएस एसएसडी घ्यावी. बॅगेत आदळआपट झाली तरी तिच्यात तुटण्यासारखा फिरता भाग नसतो. फोटोग्राफर आणि संपादकांनी एकाच डिस्ककडून सगळे काम करून घेण्याचा हट्ट सोडावा. चालू कामासाठी १ किंवा २ टीबीची चांगली एसएसडी आणि पूर्ण झालेले काम ठेवण्यासाठी मोठी हार्ड डिस्क ही जोडी बहुतेकदा एकाच मोठ्या एसएसडीपेक्षा स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते. वेग जिथे लागतो तिथेच त्याचे पैसे मोजले जातात.

विंडोज, मॅक आणि फोन तिन्हींवर चालेल का?

ते फॉरमॅटवर ठरते. एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क मॅक वाचतो, पण वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहू शकत नाही. एपीएफएस ही ॲपलची पद्धत विंडोजला आपणहून कळत नाही. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही. दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट सोयीचे. मात्र त्यात काम सुरू असताना केबल ओढली, तर फाइलींची नोंद बिघडण्याचा धोका जास्त असतो. म्हणून ‘इजेक्ट’ करूनच काढावी. फॉरमॅट बदलल्यास आतला सर्व डेटा पुसला जातो. तेव्हा हे काम डिस्क नवी असतानाच उरकावे.

हजार-दोन हजारांत मिळणारी ‘१६ टीबी एसएसडी’ खरी असते का?

नसते. अशा डब्या उघडल्यावर आत बऱ्याचदा साधे मेमरी कार्ड सापडते. त्याचे सॉफ्टवेअर असे बदललेले असते, की लॅपटॉपला ते १६ टीबी असल्याचे सांगते. खरी क्षमता संपेपर्यंत सगळे सुरळीत दिसते. त्यानंतर नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरतात. फाइलची नावे यादीत दिसतात, पण उघडत नाहीत. नवी डिस्क घेतल्यावर विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा मॅक व लिनक्सवर ‘एफ३’ या मोफत प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून वाचून पाहता येते. वेग मोजण्यासाठी विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ आणि मॅकवर ‘ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट’ आहेत. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच हे करावे. बिल जपून ठेवावे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

डिस्क घेतली म्हणजे डेटा सुरक्षित झाला का?

इथेच सर्वांत महागडा गैरसमज आहे. लॅपटॉप भरला म्हणून फोटो एक्स्टर्नल डिस्कवर हलवले आणि लॅपटॉपवरून पुसले, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. प्रत तेव्हाही एकच होती, आताही एकच आहे. फक्त ती आता हातातून पडू शकणाऱ्या, विसरता येणाऱ्या वस्तूत आहे. चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली, तर हेड तबकडीवर आदळू शकते. डिस्क टकटक आवाज करू लागली, तर तिला वारंवार सुरू करून पाहू नये, कारण त्याने नुकसान वाढते. एसएसडी पडून सहसा बिघडत नाही, पण बिघडते तेव्हा बऱ्याचदा पूर्वसूचना न देता, आणि तिच्यातून डेटा परत मिळवणे अनेकदा अधिक कठीण असते. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतील काही पोर्टेबल एसएसडींतून डेटा अचानक नाहीसा होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला फर्मवेअर दुरुस्ती द्यावी लागली. नामांकित ब्रँड घेतला तरी ही शक्यता उरतेच.

शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी नसते. तिच्या पेशींतील विद्युतभार हळूहळू ओसरतो, विशेषतः ती बरीच वापरलेली असेल आणि उष्ण जागी ठेवली असेल तर. दीर्घकाळ ठेवायच्या डेटासाठी हार्ड डिस्क बरी, पण तीही काही महिन्यांनी जोडून तपासावी.

वॉरंटीत काय मिळते?

नवी डिस्क, आतला डेटा नाही. बहुतेक कंपन्या बिघडलेले उपकरण बदलून देतात, पण डेटा परत मिळवून देण्याची हमी सर्वसाधारण वॉरंटीत नसते. ती सेवा वेगळी घ्यावी लागते, तिचा खर्च अनेकदा डिस्कच्या किमतीहून जास्त येतो आणि यशाची खात्री नसते. यावर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही सर्वांत सोपा आहे. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील १ घराबाहेर. सर्वसामान्य घरासाठी याचा अर्थ एक प्रत लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर आणि निवडक महत्त्वाचे फोटो व कागदपत्रे क्लाउडवर किंवा नातेवाइकाकडे ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर.

त्यामुळे खरेदीचे पैसे ठरलेले असतील, तर एका अतिवेगवान डिस्कवर सगळे खर्च करण्यापूर्वी लॅपटॉपचे पोर्ट किती जीबीपीएसचे आहे ते पाहावे, तेवढ्याच वेगाची डिस्क आणि केबल घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दुसरी साधी हार्ड डिस्क घ्यावी. कॉपीला दहा मिनिटे जास्त लागली तर वेळ जातो. एकुलती एक प्रत गेली तर मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.